मशेरी न लावणाऱ्या बाया

माझ्या मुलीने दातांचं शिक्षण घेतलं, पण ती दात काढत नाही, हे नंदाखाल गावाला समजावण्यात माझ्या निवृत्तीची पहिली दोन वर्षं गेली. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे मी केळीच्या बागांतून आलेल्या पोरांना पटवून दिलं आहे. डायनाची शाखा मात्र मला कोणालाच पटवता आली नाही. शेजारचा निकोलस चर्चमधल्या मिस्साहून परतताना दाढ धरून विचारायचा, "मास्तर, डायना कधी येनार? ही एकदा उपटून टाकू दे." मी म्हणायचो, ती उपटत नाही. "मग बसवते?" बसवतही नाही. "वाकडे सरळ करते?" तेही नाही. "मग करते तरी काय?" मी सांगायचो, तोंडाच्या आतलं बघते. जीभ, गाल, हिरड्या, टाळू. निकोलस माझ्याकडे दयेने बघायचा आणि घरी जायचा.

त्याचा तरी काय दोष? मलाही ते एका दिवसात कळलं नव्हतं. आधी बी.डी.एस.ची चार वर्षं, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप, मग दंतपरिषदेत नाव नोंदवायचं, मग प्रवेश परीक्षा द्यायची. एवढं सगळं केलं की एम.डी.एस.च्या दारात उभं राहता येतं. शाखा निवडायच्या दिवशी मी तिच्याबरोबर मुंबईला गेलो होतो आणि बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तिचा क्रमांक चांगला होता. वाकडे दात सरळ करण्याच्या शाखेत अजून एक जागा शिल्लक होती, आणि ती शाखा मिळावी म्हणून लोक देवाला नवस बोलतात. डायना आत गेली आणि 'ओरल मेडिसिन' म्हणाली. आतल्या गृहस्थांनी म्हणे दोनदा विचारलं, नक्की ना?

माझं डोकं फिरलं. रस्त्यात मी तिला म्हणालो, "वाकड्या दातांत पैसा आहे, हे तुला कोणी सांगितलं नाही का?"

"सगळ्यांनी सांगितलं, पप्पा," ती म्हणाली.

तिचं कारण मला नंतर कळलं. इंटर्नशिपच्या वर्षात तिच्याकडे एक माणूस हलणारा दात काढायला आला होता. त्याआधी त्याच बाजूचे तीन दात तीन वेगवेगळ्या दवाखान्यांत काढून झाले होते. दुखणं दातांत नव्हतंच, जिभेखाली होतं, आणि तिघांपैकी एकानेही जीभ उचलून बघितलं नव्हतं. तो माणूस पुढे राहिला नाही. डायनाने ही गोष्ट घरी एकदाच सांगितली आणि पुन्हा कधी काढली नाही.

एम.डी.एस. तीन वर्षांचं. पहिल्या सहा महिन्यांत प्रबंधाचा विषय नोंदवायचा. दर आठवड्याला सेमिनार द्यायचं, एक्स-रे काढायचे, ते वाचायला शिकायचं, तपासलेल्या रोग्यांच्या नोंदी ठेवायच्या. आणि शेवटी प्रबंध. प्रबंध वेळेत दाखल होऊन मंजूर झाला तरच परीक्षेला बसता येतं, नाहीतर पुढच्या सत्रापर्यंत थांबायचं. बाकी सगळं येत असलं तरी प्रबंध नसेल तर काही नाही. हा नियम मला एकदम पसंत पडला, कारण शाळेत माझेही नियम असेच होते.

डायनाने विषय घेतला मशेरीचा. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना चोळायची. भाजायला घेतली की अख्खी आळी खोकते. कोळणी, शेतात जाणाऱ्या बाया, सगळ्यांना ही सवय. मशेरीने तोंडात पांढरे डाग पडतात आणि त्यांतल्या काही डागांचा पुढे कॅन्सर होतो. तिच्या मार्गदर्शक डॉ. सुनंदा प्रधान यांनी तिला सांगितलं की दोन गट पाहिजेत. एक मशेरी लावणाऱ्या बायांचा, दुसरा कधीच न लावणाऱ्यांचा. गाव तेच, वय तेच, काम तेच. दोन्ही गटांची तोंडं तपासायची आणि डाग मोजायचे. मला हे चटकन समजलं. दोन टोपल्या शेजारी ठेवल्याशिवाय कुठली जड, ते कळत नाही.

जागा तिने अर्नाळा निवडली. त्याला कारण व्हेरोनिका. ही अर्नाळ्याची कोळीण, आमच्या आळीत मासळी घेऊन यायची. पन्नाशी ओलांडलेली, दणकट, भाव करण्यात कोणाच्या बापाला न ऐकणारी. माझी बायको ग्रेसी तिच्याशी बोंबलाच्या वाट्यावरून अर्धा तास भांडायची, आणि मग दोघी पायरीवर बसून पाणी प्यायच्या. व्हेरोनिकाने डायनाला सांगितलं, "तू ये, बाय. मी आनते बाया. रविवारी मिस्सा सुटला की पकडते एकेकीला."

मशेरी लावणाऱ्यांचा गट नाताळच्या आतच भरला. दुसरी टोपली मात्र रिकामीच. अर्नाळ्यात मशेरी न लावणारी चाळिशीपुढची बाई शोधणं म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात उपाशी मांजर शोधणं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. डायना वाळत चालली. प्रबंध एप्रिलच्या शेवटी द्यायचा होता. त्या उन्हाळ्यात पास होणाऱ्यासाठी एका नव्या कॉलेजात अधिव्याख्यात्याची जागा होती आणि मॅडमनी तिचं नाव आधीच सुचवून ठेवलं होतं. हातातोंडाशी आलेला घास होता.

मग मार्च लागला आणि चमत्कार झाला. डायनाने चर्चच्या आवारात टेबल मांडलं, आणि समोर येणारी बाई सांगू लागली, "मशेरी? नाय बा." आधी कधी? "नाय." पुढची आली, तीही नाही. आतापर्यंत या कुठे दडल्या होत्या, असं डायनाने विचारलं तर व्हेरोनिका म्हणाली, "इथंच व्हत्या. तू इचारलं नसशील." आणि ती स्वतः खुर्चीत बसली. आमच्याकडे ती भर दुपारी यायची, त्यामुळे तिची डबी आम्ही कधी बघितलीच नव्हती. "माझं पन लिही. मी पन नाय लावत." तीन-चार रविवारांत दुसरी टोपली काठोकाठ भरली.

भरली, आणि तिच्यात डाग निघाले! कधीच मशेरी न लावलेल्या बायांच्या तोंडात, खालच्या हिरडीपाशी, पांढरे डाग. व्हेरोनिकाचा तर चांगला ठसठशीत. डायना चक्रावली. सुनंदा मॅडम मात्र हरखल्या. हे कुठल्याच पुस्तकात नाही, त्या म्हणाल्या. या बाया रोज काय खातात? सुकी मासळी, खारवलेली मासळी, मीठ. डाग मिठाचे असले तर? परिषदेत निबंध वाचायचं ठरलं, प्रबंधाला एक नवीन प्रकरण जोडायचं ठरलं. डायनाने व्हेरोनिकाला सांगूनही टाकलं, "मावशी, हा डाग बहुतेक खाऱ्या मासळीचा आहे. खारं जरा कमी करा."

"खारं नाय खानार तर काय लाडू खानार?" व्हेरोनिका म्हणाली, पण ती खूश होती. मिठाचा डाग म्हणजे काय, समुद्राचाच डाग. त्याला कोण घाबरतं?

ईस्टर झाल्यावर चारेक दिवसांनी व्हेरोनिका सकाळीच आमच्याकडे आली. डायना ओटीवर प्रबंधाचे शेवटचे तक्ते करत होती, मी तिच्या बेरजा तपासत होतो. ग्रेसीने कोलंबी घेतली. व्हेरोनिका पायरीवर टेकली, कमरेची डबी काढली, चिमूटभर काळी पूड तळहातावर घेतली आणि निवांतपणे हिरड्यांवर चोळू लागली.

डायनाच्या हातातलं पेन थांबलं.

"मावशी, हे काय?"

"काय म्हंजे? मशेरी."

"तुम्ही लावत नाही म्हणालात ना?"

"नव्हतेच लावत. ईस्टरआदीचा चाळीस दिसांचा उपवासकाळ नव्हता का?" व्हेरोनिका तोंडात बोट ठेवूनच बोलत होती. "राखेच्या बुधवारी सोडली, ती ईस्टरच्या मिस्साहून येऊन उघडली. दर वरसाला सोडते. आमी समद्याच सोडतो."

"समद्या म्हणजे?"

"टेबलावर आल्या त्या समद्या."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं? आधी कधी लावायचात का, तेही विचारलं होतं मी!"

व्हेरोनिकाने तिच्याकडे असं बघितलं की ही एवढी शिकली ती कशासाठी. "देवासाठी सोडलेलं मानसाला कशाला सांगायचं? फादर बुधवारी काय बोलले? उपास करा, पन मिरवू नका. तोंड धुवा, हसत राव्हा, देवाला कळलं की बस. मी सोडली म्हनून गावभर सांगितलं तर मंग उपास कसला? आनि तू गं? त्या दिशी मी तुमच्याच चर्चात आलते, तू पन बसली व्हतीस की माज्या पुढच्या बाकावर."

डायना खरोखरच पुढच्या बाकावर होती. तिने स्वतःसुद्धा त्या उपवासकाळात चहा सोडला होता, आणि कॉलेजात कोणी कप पुढे केला की सांगायची, मी चहा घेत नाही. सुनंदा मॅडमचा आजही समज आहे की आमच्या घरी कोणी चहा पीत नाही. दुसऱ्या कुणा गावाहून आलेल्या डॉक्टरणीने ही चूक केली असती तर मी हसून सोडून दिली असती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं माझ्या मुलीचं व्हावं याचा मला राग आला. मीही त्याच चर्चमध्ये बसलो होतो, माझ्याही लक्षात आलं नाही, याचा राग निराळा.

त्या दिवशी घरात कोलंबी कोणी धड खाल्ली नाही. डायना म्हणाली, मॅडमना सांगावं लागेल.

ग्रेसी उसळली. "हात दाखवून अवलक्षण कशाला? तू विचारलंस, त्या नाही म्हणाल्या, तू नाही लिहिलंस. यात तुझं काय चुकलं? परीक्षा दे आणि मोकळी हो."

मलाही तेच वाटत होतं. खोटं कशाला बोलू? पण मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो होतो की पायरी चुकली तर उत्तर जुळलं तरी गुण नाहीत. त्यामुळे माझ्या तोंडून ना धड हो निघालं ना नाही. ग्रेसीने मला वर्गात बसलेल्या ढ पोराकडे बघावं तसं बघितलं.

मॅडमशी काय बोलणं झालं ते डायनाने मला संध्याकाळी केळीला पाणी लावताना सांगितलं. मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "शेवटी अभ्यासाच्या मर्यादा लिहितो, तिथे एक ओळ टाक. परीक्षक तिथपर्यंत वाचत नाहीत. नवीन बाया शोधायला गेलीस तर हे सत्र गेलं, आणि ती जागाही गेली."

डायना म्हणाली, "मॅडम, ते चालेलही. पण मी त्या बायांना मिठाचा डाग म्हणून सांगितलंय. त्या मशेरी लावत राहतील."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "ठीक आहे. तुझी परीक्षा हिवाळ्यात."

अधिव्याख्यात्याची जागा तिच्या वर्गातल्या सुमेधला मिळाली. मुलगा चांगला आहे, पेढे घेऊन आमच्याकडे आला होता. ग्रेसीने पेढा घेतला आणि तो गेल्यावर तुळशीजवळ मुंग्यांना घातला. तुळस आमची खोकल्यासाठी लावलेली आहे, मुंग्यांनी तिथे येऊन पेढा खावा अशी काही योजना नव्हती.

मिठाचं प्रकरण फाडलं. न लावणाऱ्या बाया डायनाने पुढे निर्मळच्या फूलवाल्यांत, आगाशीच्या शिक्षिकांत शोधल्या, कामाचा मेळ बसेना म्हणून पुन्हा वेगळ्या शोधल्या. ते सगळं जमलं. जमेना ते अर्नाळ्याचं. ती एकेकीच्या दारात गेली आणि म्हणाली की माझी चूक झाली, हे डाग मशेरीचेच आहेत, सोडा, आणि काहींना तपासणीला यावं लागेल. बायांना मशेरीचं फार वाटलं नाही. त्यांना राग आला तो उपासाचा. आम्ही देवापाशी ठेवलेली गोष्ट हिने आळीभर केली, असं त्यांचं म्हणणं. एकीने तर तोंडावर दार लावलं.

सगळ्यांत वाईट व्हेरोनिकाचं झालं. तिच्या डागाची एक कड उचललेली होती, आणि डायनाला ती कड आवडत नव्हती. छोटा तुकडा काढून तपासायला हवा, ती म्हणाली.

"आदी मिठाचा व्हता," व्हेरोनिका म्हणाली. "आता मशेरीचा झाला. उद्या पावाचा म्हनशील. माजं तोंड काय तुजी शाळा हाय?"

त्यानंतर ती आमच्याकडे तोंड उघडायची ते फक्त भाव सांगायला. डायना रविवारी घरी असली की पायरीवर जाऊन उभी राहायची, मावशी, एकदा बघू द्या. व्हेरोनिका टोपलीवर फडका टाकायची आणि उठायची. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या, ती सुके बोंबील आणि करंदी घेऊन येऊ लागली. आमची ओटी, तिची टोपली, डायनाचं तेच वाक्य आणि व्हेरोनिकाचं तेच उठणं. माझ्या मुलीला परीक्षेची काळजी उरली नव्हती, ती होणारच होती. ती रात्री जेवताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, "कड वाढली असेल का?" मी काय सांगणार? मला त्यातलं काय कळतं? पण ती बाई आमच्या पायरीवर बसून सुक्या मासळीचे वाटे लावते आणि आत गालाआड काहीतरी हळूहळू वाढत असेल, हे डोक्यात आलं की मला तिच्याकडे बघवत नसे.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा गेल्या. एका रविवारी व्हेरोनिका पापलेट घेऊन आली. डायना ओटीवर अभ्यास करत होती. उठून गेली, तेच वाक्य बोलली. व्हेरोनिका म्हणाली, "बाय, तू आता मोठी डॉक्टरीन झाली असशील. दुसरं गिऱ्हाईक शोध ना."

डायना आत आली. ग्रेसी मात्र बाहेर गेली. इतके महिने तिने गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"मोठी डॉक्टरीण? कुठली मोठी? परीक्षा नाही दिली तिने! तुमचा उपास चुकीच्या रकान्यात पडला म्हणून अख्खा प्रबंध बाजूला ठेवला. नोकरी ठेवलेली होती तिच्यासाठी, ती दुसऱ्याने घेतली. मॅडम म्हणत होत्या दे दडपून, मी म्हणत होते दे दडपून. ही म्हणाली, मावशीला मी चुकीचं सांगितलंय. आणि तुम्ही तिला गिऱ्हाईक शोध म्हणता?"

डायना धावत आली. "मम्मी! तुला हे सांगायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही. म्हणून तर सांगितलं."

व्हेरोनिकाने हातातलं पापलेट टोपलीत परत ठेवलं. मला वाटलं, आता ही उठणार आणि पुन्हा आमच्या आळीत येणार नाही. ती डायनाकडे बघत राहिली.

"इतके दिस आलीस, तवा का नाय बोललीस?"

डायनाने खांदे उडवले. तिचे डोळे भरले होते आणि त्याची तिला लाज वाटत होती. "ते सांगून तुम्ही तोंड उघडलं असतंत तर काय उपयोग? डाग तुमचा आहे."

मग व्हेरोनिकाने कमरेची डबी काढली आणि पायरीवर ठेवली. पण तिच्या चेहऱ्यावर मासळीचा भाव करतानाचा भाव आला होता.

"देवाला चाळीस दिस पुरतात," ती म्हणाली. "तुला किती पायजेत?"

"सगळे."

"साठ घे."

"नाही, मावशी."

"सा महिने. पाव्हन्यांच्या वक्ताला सोडून."

"सगळे. आणि उद्या माझ्याबरोबर कॉलेजात यायचं, तुकडा काढायला."

व्हेरोनिका माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमची पोर देवापरीस महाग हाय."

मी म्हणालो, ती आईवर गेली आहे.

कोणी हसलं नाही. ग्रेसी आतून तांब्या घेऊन आली. व्हेरोनिकाने अंगणाच्या कडेला जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली, काळं पाणी संपून स्वच्छ येईपर्यंत भरत राहिली. मग पायरीवर उजेडाकडे तोंड करून बसली आणि डोळे गच्च मिटून तिने आ केला. मांडीवरचं लुगडं तिने दोन्ही मुठींत आवळलं होतं. ग्रेसी तिच्या शेजारी बसली आणि तिने ते मासळीचे हात आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले.